वाचायला गेलं आणि लिहून बसलं
कर्नलच्या पोटात : लेखांक ९

सप्टेंबर २००८. लिनक्स कर्नलच्या २.६.२७ या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी घेणाऱ्यांची नेटवर्क कार्डं निकामी होऊ लागली. सगळी इंटेलची, ई१०००ई या ड्रायव्हरवर चालणारी. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी कार्ड मेलेलंच, कारण कार्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूरच बिघडलेला. साहजिकच संशय ड्रायव्हरवर गेला.

दोषी निघालं ते डीबगिंगचं साधन, एफट्रेस. कोणतं फंक्शन कधी चालतं याचा माग काढण्यासाठी कंपायलर फंक्शनांच्या सुरुवातीला पाच बाइटांची कॉल सूचना घालून ठेवतो. माग नको असेल तेव्हा एफट्रेस ती पुसून तिथं काहीच न करणारी ‘नॉप’ बसवतं. त्या काळी फंक्शन चालेल तसा त्याचा पत्ता टिपून ठेवायचा आणि बदल थोड्या वेळानं करायचा, अशी पद्धत होती. घात झाला तो या मधल्या वेळात. मॉड्यूलचा फक्त सुरुवातीला लागणारा कोड काम झाल्यावर मोकळा केला जातो. तो गेला, आणि तेच पत्ते नेटवर्क कार्डाच्या वाट्याला आले. एफट्रेसच्या यादीत मात्र ते अजून कोड म्हणूनच नोंदलेले.

गंमत अशी, की एफट्रेस डोळे मिटून लिहीत नव्हतं. जुने बाइट अपेक्षेप्रमाणे असतील तरच नवे लिही, अशी ‘कम्पेअर अँड एक्स्चेंज’ सूचना ते वापरत होतं. पण एक्स८६ प्रोसेसरवर तुलना जुळली नाही तरी ही सूचना जुनी किंमत पुन्हा लिहितेच. साध्या रॅममध्ये त्यानं काही बिघडत नाही. उपकरणाच्या पत्त्यावर मात्र प्रत्येक लिखाण हा हुकूम असतो. मला हा बग म्हणूनच फार शिकवणारा वाटतो: खबरदारीच अंगाशी आली.

ऑक्टोबरमध्ये २.६.२७.१ आवृत्तीत एफट्रेसचा कोड बदलणारा हा भाग बंद केला गेला. पुढच्या आवृत्तीत कॉलच्या जागांची यादी कंपाइल करतानाच बनू लागली. आता आधी निव्वळ वाचन, मग तुलना, मग लिखाण. काही जुळलं नाही तर एफट्रेस इशारा छापून स्वतःच बंद पडतं.

उरला प्रश्न अनेक कोअरचा. पाच बाइट अर्धवट बदललेले असताना दुसरा कोअर तिथं आला तर? म्हणून आधी पहिल्या बाइटवर ब्रेकपॉइंट, म्हणजे हेक्समधला ‘सीसी’. सगळ्या कोअरना खबर. मग उरलेले चार बाइट, पुन्हा खबर, आणि शेवटी पहिला बाइट. मधेच कुणी आला तर २०१९ पर्यंत ब्रेकपॉइंटचा हँडलर त्याला ते पाच बाइट ओलांडून पुढे पाठवायचा.

सीआर-शून्य रजिस्टरमधलं लेखनसंरक्षण काढून थेट कोडवर लिहायचे नुस्खे नवशिक्यांमध्ये फिरत असतात. त्यांत यातलं काहीच नसतं. प्रयोग करायचाच तर क्यूएमूच्या आभासी यंत्रात करा, आणि स्वतः बाइट बदलण्याऐवजी त्यासाठी कर्नलमध्येच असलेला केप्रोब वापरा. तो कसा लावायचा, ते पुढच्या आठवड्यात.