बाळंतपणाची जागा आधी ठरवा

शिवनेरी किल्ला आपल्या जुन्नरचा. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराज तिथे जन्मले, हे शाळेतले पोरसुद्धा सांगेल. पण जिजाबाई त्या वेळी गडावर का होत्या? दिवस धामधुमीचे होते. म्हणून बाळंतपणासाठी मजबूत गड आधीच निवडला होता. कळा सुरू झाल्यावर जागा शोधली नाही.

आता लढाया नाहीत. पण आपला पाऊस आहे. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या बाजूला आषाढ-श्रावणात ओढे भरून वाहतात. वाट बंद होते. म्हणून आपणही आपला गड आधी ठरवावा. आपला गड म्हणजे दवाखाना.

आम्ही डोंगरातल्या एका शाळेत मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. श्रावण होता. एक पोरगा चार दिवस शाळेत आला नाही, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई रात्री घरीच बाळंत झाली होती. मूल नीट होते. पण आईच्या अंगावरून रक्त जायचे थांबेना. घरची माणसे म्हणाली, उजाडू द्या. उजाडल्यावर झोळी केली. ओढ्यापर्यंत पोचले, तिथेच ती गेली. कुणाच्या मनात वाईट नव्हते. आधी काही ठरवले नव्हते, एवढेच.

बाळंतपणानंतर फार रक्त गेले, तर बाई दोन-तीन तासांतसुद्धा दगावते. अंगात रक्त आधीच कमी असेल तर धोका आणखी वाढतो. मग काय करावे?

पहिले काम. दिवस राहिले की तीन महिन्यांच्या आत आशाताईकडे नाव नोंदवा. निदान चार वेळा तपासणी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते.

दुसरे काम. रक्त वाढवा. रक्त ११ च्या खाली आले तर कमी समजावे. ७ च्या खाली आले तर मोठा धोका. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये. शौचाला काळे झाले तर भिऊ नये. जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन अडते, असे म्हातारी माणसे म्हणतात. ते खरे नाही. पालेभाजी, कडधान्य, शेंगदाणे, नाचणी, अंडी पोटभर खावी. सुनेला सर्वांच्या शेवटी उरलेले वाढू नका. आवणीच्या दिवसांत तिला दिवसभर खाचरात वाकायला लावू नका.

तिसरे काम. घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव येथे सरकारी रुग्णालये आहेत. कुठे जायचे, सोबत कोण, गाडी कुणाची, हे आठव्या महिन्यातच ठरवा. १०८ नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पावसाळा असेल तर तारखेच्या आठ दिवस आधीच खाली दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडे येऊन राहा. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला, औषधाला, रक्ताला पैसे पडत नाहीत. २०११ पासून तशी योजना आहे.

या खुणा दिसल्या तर उजाडायची वाट पाहू नका: अंगावरून रक्त जाणे, तोंडा-हाताला सूज, फार डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, कळांआधी पाणी जाणे, पोटातले मूल हलायचे थांबणे.

मूल झाल्यावर तासाभरात त्याला अंगावर पाजा. पहिले पिवळे दूध म्हणजे चीक. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. मग आपल्याच लेकराचा चीक का टाकायचा? त्याने रोगाशी लढायची ताकद येते. सहा महिने फक्त आईचे दूध द्या. मध नको, पाणीही नको. दोन दिवस तरी दवाखान्यातच राहा. पुढे सव्वा महिना आईवर नीट लक्ष ठेवा. लोहाची गोळी मात्र सहा महिने चालू ठेवा.

हे काम एकट्या बाईचे नाही. घरधन्याचे आहे, सासूचे आहे. तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, तर आज रात्री जेवताना एवढेच विचारा: आपला गड कोणता ठरला?