कम्मट्टिपाडम : सूड उगवायचा कुणावर?

मल्याळी गुन्हेपट : भाग सहावा

गेल्या आठवड्यातल्या 'दृश्यम'मध्ये घर वाचवण्यासाठी गुन्हा लपवला जातो. राजीव रवींच्या 'कम्मट्टिपाडम'मध्ये (2016) घरंच जातात, पण तो गुन्हा कुठल्याच पोलीस ठाण्यात नोंदला जात नाही.

वरवर ही सूडकथा आहे. मुंबईत सिक्युरिटीची नोकरी करणाऱ्या कृष्णनला कोचीहून लहानपणीच्या मित्राचा, गंगाचा, फोन येतो. गंगा घाबरलेला आहे. कृष्णन तडक कोचीला पोचतो, तर गंगाचा पत्ताच नाही. त्याला शोधता शोधता दोघांचा सगळा भूतकाळ उलगडतो : गंगाचा थोरला भाऊ बालन, त्याची दहशत, चोरट्या स्पिरिटची वाहतूक, कृष्णनचा तुरुंगवास, आणि दोघांचाही जीव जिच्यावर जडला ती अनिता.

या दोस्तीच्या तळाशी जमिनीचा प्रश्न आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. कम्मट्टिपाडम ही एर्नाकुलममधली, रेल्वे स्टेशन आणि बस स्टँडच्या परिसरातली खरीखुरी वस्ती. इथे पूर्वी भातखाचरं होती आणि त्यांत राबणारी दलित कुटुंबं तिथेच झोपड्या घालून राहत. 1 जानेवारी 1970 पासून केरळात जमीन सुधारणा लागू झाल्या. देशभर त्यांचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण जमीन मिळाली ती कुळांना. चिखलात उभं राहून लावणी करणारा मजूर कायद्याने कूळ नव्हताच. त्याला झोपडीपुरती जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला : खेड्यात 10 सेंटपर्यंत, मोठ्या शहरात 3 सेंट. अडीच सेंटचा आपला एक गुंठा होतो. म्हणजे शहरातल्या मजुराच्या वाट्याला पुरता सव्वा गुंठाही आला नाही. पुढे शहर फुगत गेलं, खाचरं भरावाखाली गेली आणि या चिमूटभर तुकड्यांवर जमिनीच्या दलालांची नजर पडली.

वस्ती रिकामी करायला माणसं लागतात आणि ती वस्तीतूनच मिळतात. सुरेंद्रन नावाचा 'आशान', म्हणजे उस्ताद, बालन-गंगाला हाताशी धरतो. आधी दारूच्या धंद्यात, मग आपल्याच भाऊबंदांना उठवण्याच्या कामात. नातवांनी हे केलं, हे म्हाताऱ्या आजोबांना सोसत नाही. माझ्या मते सिनेमाचा कणा हाच प्रसंग आहे. तिथून पुढे बालनच्या डोळ्यांत जे दिसतं, ते मणिकंदन आचारीने पदार्पणातच दाखवलं. म्हणूनच कृष्णन सूडाला निघतो तेव्हा प्रश्न पडतो : नेमका कुणावर? वार करणाऱ्यावर, वार करवणाऱ्यावर, की त्या जागेवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतींवर?

मैत्रीचंही तसंच. कृष्णन गंगाच्या जातीचा नाही. दोघं एकत्र वाढले, एकत्र मार खाल्ला, पण गाव सोडून नव्याने सुरुवात करण्याची वाट एकालाच सापडली. त्याच्या धावपळीत मला प्रेमाइतकंच हे ऋणही दिसतं.

दुलकर सलमानसारखा तारा कृष्णन झालाय, पण मनात घर करतो तो विनायकनचा गंगा. 1995 पासून बहुतेक छोट्या भूमिका करत आलेल्या या नटाला 2016 चा केरळ राज्य पुरस्कार सर्वोत्तम अभिनेता म्हणून मिळाला, मणिकंदनला चरित्र अभिनेत्याचा. एक तक्रार मात्र आहेच. अनिता आणि बालनची बायको रोसम्मा या दोघींना त्यांचं स्वतःचं म्हणणं मांडायला पटकथेने फार कमी जागा दिली. ज्यांची घरं गेली त्यांची कहाणी सांगताना ही उणीव खटकते.

राजीव रवी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. 'चांदनी बार' आणि 'गँग्ज ऑफ वासेपूर'चं छायाचित्रण त्यांचंच, त्यामुळे गल्लीबोळ आणि त्यातली माणसं त्यांना परकी नाहीत. इथे कॅमेरा मधू नीलकंठन यांच्याकडे आहे. खाचरांतला मोकळा उजेड पुढे भिंतींमध्ये कसा आकसत जातो, तेवढं जरूर पाहा.

शेवट मुद्दाम सांगितलेला नाही. जवळपास तीन तास सलग काढून सिनेमा मल्याळममध्येच, सबटायटल्ससह पाहा. पुढच्या आठवड्यात लिजो जोस पेल्लिशेरींचा 'अंगमाली डायरीज' घेऊ. तोही जमल्यास आधी पाहून ठेवा.