ढोलावर टांगलेली फीत

खानदेशातल्या एखाद्या शाळेने गावच्या वहीगायनाचे ध्वनिमुद्रण करायचे ठरवले, की पहिली अडचण डफाची येते. डफ आणि झांज यांच्या कल्लोळात अहिराणी गाण्याचे शब्द बुडून जातात. सातपुड्यात होळीला वाजणारा मोठा ढोल असो, की धुळे-जळगावच्या वाद्यवृंदातला ड्रमसेट असो, अडचण तीच. जाणते गायक-वादक दरवर्षी कमी होत आहेत, आणि बिघडलेले मुद्रण पुन्हा करण्याची संधी मिळेलच असे नाही. तालवाद्यासाठी माइक वरून टांगावा, असा सल्ला नेहमी दिला जातो. पण कोणता माइक, आणि किती उंचीवर? या प्रश्नाचे उत्तर आपल्या अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात दडलेले आहे.

प्रथम, वरूनच का? ढोलाच्या ताणलेल्या कातड्यातून एकाच वेळी अनेक स्वर उमटतात. साध्या कातड्याच्या मूळ वारंवारतेला १ मानले, तर पुढचे स्वर १.५९, २.१४, २.३० पटींना येतात. ते पूर्णांकी पटीत नसतात. (तबल्यात शाईमुळे ते जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवले.) कातड्याचा प्रत्येक भाग वेगळा थरथरतो. त्यामुळे माइक अगदी काठाशी धरला तर एकाच भागाचा आवाज ठळक होतो. मीटरभर वर टांगला, तर सर्व भागांचा मेळ त्याला ऐकू येतो.

आता माइकची निवड. बहुतेक साधे माइक हवेचा दाब मोजतात. त्यांचा पडदा मागून बंद असतो, म्हणून आवाज कोणत्याही दिशेने आला तरी तो हलतो. रिबन माइकची रचना निराळी आहे. वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेर्लाख यांनी १९२४ च्या सुमारास तो तयार केला. पुढे अमेरिकेत हॅरी ओल्सन यांनी त्याला रेडिओच्या स्टुडिओत नेले. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चुणीदार फीत लोंबत असते. तिची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी असते. ती पुढून आणि मागून, दोन्हीकडून उघडी असते. हवा जशी पुढेमागे हलते तशी फीत हलते आणि चुंबकीय क्षेत्रात हलल्यामुळे तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. म्हणजे ही फीत हवेचा दाब मोजत नाही, हवेच्या कणांचा वेग मोजते.

एवढ्या एका फरकातून पुढच्या सगळ्या गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट दिशेची. आवाज फितीच्या कडेकडून आला, तर तिच्या दोन्ही बाजूंवर सारखाच दाब पडतो आणि ती हलत नाही. समोरून आलेला आवाज पूर्ण, ६० अंशांवरून आलेला निम्मा आणि ९० अंशांवरून आलेला जवळजवळ शून्य, असा हा कोसाइनचा नियम आहे. माइकचे तोंड खाली करून तो ढोलावर टांगला, तर त्याच उंचीवर आजूबाजूला होणारा आवाज त्याला फारसा ऐकू येत नाही. उलट गायकासमोर रिबन माइक ठेवून त्याची ‘बहिरी’ बाजू डफाकडे वळवली, तर शब्द स्वच्छ उमटतात.

दुसरी गोष्ट झांजेची. पुष्कळ कंडेन्सर माइक उंच वारंवारता थोड्या वाढवून देतात आणि झांज टोचू लागते. रिबन माइकमध्ये, विशेषतः जुन्या धाटणीच्या, उंच वारंवारता हळूहळू उतरत जातात. त्यामुळे झांज मवाळ होते. शिवाय या माइकचा संकेत दुबळा असतो. एक पास्कल दाबाला साधारण एक-दोन मिलिव्होल्टच मिळतात. कुजबुज टिपायला ही उणीव ठरते. ढोलापुढे तिची फारशी अडचण येत नाही.

तिसरी गोष्ट छताची, आणि निवड चुकते ती इथेच. बंद नळीतल्या स्थिर तरंगांचा धडा आठवू या. नळीच्या बंद टोकाशी हवेचे कण हलू शकत नाहीत. तेथे विस्थापनाचा निस्पंद असतो आणि दाबातला बदल मात्र सर्वांत जास्त असतो. वर्गाचा स्लॅब म्हणजे असेच बंद टोक. समजा, स्लॅब ३ मीटरवर आहे आणि ढोलाचे कातडे जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. माइक ढोलाच्या १ मीटर वर असेल, तर सरळ आवाज १ मीटर आणि स्लॅबवरून परतणारा ४ मीटर प्रवास करतो. परतलेला आवाज पावपट, म्हणून चालून जातो. माइक स्लॅबखाली २० सेंटिमीटरवर टांगला, तर ही अंतरे २.३ आणि २.७ मीटर होतात. दोन्ही आवाज जवळजवळ सारखे, पण फितीला विरुद्ध दिशांनी ढकलणारे. खालच्या वारंवारता एकमेकींना खोडतात आणि ढोलाचा घुमारा नाहीसा होतो. खोली बुटकी असेल तर रिबन माइक न वापरणे बरे. उघडे अंगण त्याहून चांगले, मात्र वारा पडलेला हवा.

फार जवळ जाणेही बरे नाही. १०० हर्ट्‌झचा आवाज ५५ सेंटिमीटरवर सुमारे ३ डेसिबल फुगतो, १.१ मीटरवर केवळ १ डेसिबल. आणि खानदेशी उन्हाळ्यात कितीही जिवावर आले तरी मुद्रणाच्या वेळी पंखा बंदच ठेवावा. वाऱ्याच्या झोताने फीत ताणली जाते. फुंकर मारून माइक तपासण्याची सवयही इथे महागात पडते.

हे वर्गात दाखवता येते. चॉकलेटवरच्या चांदीची अरुंद पट्टी कापून नालाकृती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये सैल लटकवा आणि टॉर्चचा सेल क्षणभर जोडा. पट्टी उडी मारते. सेल उलटा जोडला की उडी उलट्या दिशेला. रिबन माइकमध्ये हीच क्रिया उलटी घडते: पट्टी हलते आणि वीज मिळते.

शाळेकडे रिबन माइक नसेल, फक्त मोबाइल फोन असेल, तरी हा धडा उपयोगी पडतो. फोनचा माइक दाब मोजणारा असतो. म्हणून त्याला कठीण, सपाट भिंतीला लागून ठेवले तर तोटा नसतो, उलट आवाज थोडा वाढतो. मात्र त्याला बहिरी बाजू नसते. डफ लांब आणि गायक जवळ बसवणे एवढाच उपाय उरतो. माइक काय मोजतो हे आधी विचारावे. तो कुठे ठेवायचा हे त्यावरून ठरते.