टर्बाइन अचानक थांबलं तर पाणी कुठे जातं? जलविद्युत केंद्राच्या ‘फोरबे’बद्दल थोडं समजून घेऊ या

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ असा एक धडा आहे. जलविद्युत केंद्राची आकृती काढा म्हटलं की आपली मुलं धरण, नळ, टर्बाइन आणि जनित्र काढून मोकळी होतात. मार्कही मिळतात. पण डोंगरातून कालव्याने पाणी आणून वीज बनवायची असेल, तर या चार गोष्टींच्या मध्ये पाचवी एक गोष्ट लागते. तिचं नाव फोरबे. कालवा संपतो आणि उतरणारा मोठा नळ सुरू होतो, त्या दोघांच्या मधला हा हौद. दिसायला साधा, पण त्याचा हिशोब चुकला तर नुकसान केंद्राचं कमी आणि खालच्या वस्तीचं जास्त होतं. म्हणून हा विषय फक्त इंजिनियर लोकांचा नाही.

आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू. पालघर म्हटलं की विजेच्या बाबतीत तारापूरच आठवतं. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राची चार युनिटं मिळून क्षमता १४०० मेगावॉट. त्या मानाने सूर्या नदीवरच्या धामणी धरणाच्या पायथ्याशी असलेलं जलविद्युत केंद्र अगदी छोटं, ६ मेगावॉटचं. धरणातून सोडलेलं पाणी पुढे कवडासच्या उन्नेयी बंधाऱ्यावर अडतं आणि तिथून कालव्यांना लागतं. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना मिळणारं पाणीही सूर्येचंच.

धामणीला वेगळा फोरबे लागत नाही, कारण केंद्र धरणाच्या पायथ्यालाच आहे. नळाच्या तोंडाशी अख्खं धरण उभं आहे, तेच हौदाचं काम करतं. पण धरण एकीकडे आणि केंद्र दुसरीकडे असेल, मध्ये कालवा असेल, तिथे फोरबेशिवाय चालत नाही.

याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं मोठं उदाहरण म्हणजे खोपोली. टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांसाठी तिथे वीज सुरू केली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचं पाणी घाटमाथ्यावर खंडाळ्याच्या बाजूला फोरबेत येतं आणि तिथून लोखंडी नळांतून सुमारे ५२५ मीटर खाली उतरतं. एवढ्या उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब किती होतो? दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ५२ किलो. आपल्या गच्चीवरच्या टाकीचा दाब याच्यापुढे काहीच नाही.

याहून जुना नमुना आपल्या ओळखीचा आहे. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात सतराव्या शतकाच्या अखेरीस ती उभी राहिली. कित्येक किलोमीटरवरून मातीच्या नळांतून पाणी आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून खाली पाडून चक्की फिरवली. यात्रेकरू आणि मुरीद यांच्यासाठी तिथे धान्य दळलं जायचं. नेऊन नुसतं बघू नका, पोरांना विचारा की एवढं पाणी आधी वर का चढवलं असेल, आणि चक्की बंद असेल तेव्हा ते कुठे जात असेल. ज्याला हे दोन प्रश्न कळले त्याला फोरबे निम्मा कळला.

आता खरा हिशोब करू. समजा, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात एक ओढा आहे. त्यावर छोटा बांध घालून २ किलोमीटरचा कालवा डोंगराच्या कडेकडेने आणला. कालव्यातून सेकंदाला अर्धा घनमीटर, म्हणजे ५०० लिटर पाणी येतं. कालवा संपतो तिथून केंद्र ४० मीटर खाली आहे. विजेचं सूत्र सोपं आहे: ९.८१ गुणिले पाणी गुणिले उंची गुणिले कार्यक्षमता. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर सुमारे १३५ किलोवॉट मिळतात. आपल्याकडचे ओढे उन्हाळ्यात आटतात, म्हणून असं केंद्र पावसाळा आणि त्यापुढचे थोडे महिनेच पूर्ण चालेल, हेही लक्षात ठेवायचं.

हौद किती मोठा हवा? गावात अचानक विजेची मागणी वाढली तर टर्बाइन लगेच जास्त पाणी मागतं. कालव्याचं पाणी तेवढ्या लगेच वाढत नाही. मधली तूट हौदाने भरून काढायची. छोट्या केंद्रासाठी दोन-तीन मिनिटांचं पाणी साठवलं तर साधारण भागतं. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, गुणिले अर्धा घनमीटर, म्हणजे ९० घनमीटर. १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल, एवढी जागा झाली.

पण हौद दीड मीटरच खोल बांधला तर फसलो. नळाचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ असेल तर मोरीत पाणी जाताना जसा भोवरा पडतो तसाच इथे पडतो आणि नळात हवा शिरते. हवा शिरली की टर्बाइन थरथरतं आणि वीज कमी-जास्त होते. म्हणून पाणी सगळ्यात कमी असतानाही नळाच्या वरच्या काठावर पुरेसं पाणी उभं राहिलं पाहिजे. आपला नळ ६० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर त्यात पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटर येतो आणि त्याला किमान पाऊण मीटर पाणी वर लागतं. तळाशी गाळासाठी ३० सेंटिमीटर सोडायचे, कारण गाळ नळात जाता कामा नये. सगळ्यात वर काठासाठी अर्धा मीटर मोकळा. आता बेरीज करा: गाळाचे ०.३, नळाचे ०.६, वरच्या पाण्याचे ०.७५, साठ्याचे १.५ आणि काठाचे ०.५. एकूण ३.६५ मीटर. दीड मीटरचा हौद साडेतीन मीटरच्या पुढे गेला. स्वस्तात काम उरकणारे ठेकेदार नेमकी हीच खोली खातात.

नळाच्या तोंडाशी लोखंडी सळ्यांची जाळी लागते. आपल्या कोकणात पावसाळ्यात पाण्यासोबत सागाची पानं, काटक्या, लाल माती आणि आता प्लास्टिकच्या पिशव्याही येतात. जाळीतून पाणी हळू गेलं पाहिजे, सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास. त्या हिशोबाने १ चौरस मीटर मोकळी जागा लागते, पण सळ्यांची जाडी आणि अडकणारा कचरा धरून जाळी दुपटीहून मोठी घ्यायची. ती उभी न लावता तिरकी लावायची, म्हणजे वरून दाताळ्याने कचरा ओढता येतो. हौदाच्या आधी वाळू बसायला जागा आणि तळाशी गाळ सोडायचं दार ठेवायचं. वाळू टर्बाइनची पाती घासून खाते. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या वीजकेंद्रांतही पंपांच्या पुढे असाच फोरबे आणि अशाच जाळ्या असतात. नाव तेच, काम बरंचसं तेच.

इथपर्यंत सगळं केंद्र चालू आहे असं धरून झालं. आता मुख्य मुद्दा. वीज वाहून नेणारी तार तुटली, वीज पडली, काहीही झालं आणि टर्बाइन बंद करावं लागलं. पहिली गोष्ट, झडप झटकन लावता येत नाही. नळातलं पाणी एकदम अडवलं तर दाबाचा धक्का बसतो, त्याला पाण्याचा हातोडा म्हणतात. आपल्या नळात तो धक्का १८० मीटर उंचीच्या पाण्याएवढा होऊ शकतो, आणि नळ तर ४० मीटरच्या हिशोबाने बांधलेला. नळ फुटणारच. म्हणून झडप सावकाश लावायची.

दुसरी गोष्ट, कालव्याला हे कळत नाही. कुणीतरी लगेच वर जाऊन बांधावरचं दार बंद केलं असं धरू, जे रात्री पावसात होत नाही. तरी २ किलोमीटरच्या कालव्यात जे पाणी आधीच निघालं आहे ते येणारच. कालव्यात पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरला तर शेवटचं पाणी यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो आणि तोवर साधारण १००० घनमीटर पाणी येऊन पडतं. आपल्या हौदाचा साठा ९० घनमीटर, आणि तोही बहुतेक भरलेलाच. मिनिटाला ३० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्यांना हा आकडा लगेच कळेल.

हे पाणी हौदात मावणार नाही. हौद दुप्पट केला तरी मावणार नाही. म्हणून त्याला बाहेर जायचा रस्ता आधीच बांधून ठेवायचा. त्याला सांडवा म्हणतात. हौदाच्या एका भिंतीचा काही भाग बाकीपेक्षा खाली ठेवायचा. २५ सेंटिमीटर जाडीने पाणी वाहील असं धरलं तर अडीच मीटर लांबीचा सांडवा अर्धा घनमीटर सोडतो. पण मुसळधार पावसात डोंगरावरचं पाणीही कालव्यात उतरतं, म्हणून ४ मीटर ठेवणं शहाणपणाचं. सांडव्याला दार नको, मोटर नको, सेन्सर नको. वीज गेलेली असतानाच तो लागतो, म्हणून तो विजेवर चालणारा असून उपयोग नाही. पाणी चढलं की आपोआप वाहिलं पाहिजे.

आणि सांडवा हौदाच्या भिंतीपाशी संपत नाही. तिथून पडणारं पाणी दगडी किंवा काँक्रीटच्या चरातून थेट ओढ्यापर्यंत पोचवायचं. ते तसंच उतारावर सोडलं तर मुरूम आणि माती धुपते, डोंगर खचतो आणि खालच्या घरांवर येतो. याच कारणाने फोरबे भरावावर बांधायचा नाही, डोंगर कापून घट्ट जमिनीवर बांधायचा. हौदाची गळती दिसत नसली तरी आतून तीच जमीन सैल करत असते.

सांडवा नसेल तर काय होतं, हे अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात दिसलं. तिथे टॉम सॉक नावाचं केंद्र आहे. डोंगरमाथ्यावरच्या मोठ्या हौदात पंपाने पाणी चढवायचं आणि गरज पडेल तेव्हा खाली सोडून वीज बनवायची. हौदाला सांडवा नव्हता, पाण्याची पातळी यंत्रं मोजायची. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे ती यंत्रं जागेवरून सुटलेली होती. हौद भरला तरी पंप चालूच राहिले, पाणी काठावरून गेलं आणि भिंत फुटली. खालच्या उद्यानाच्या अधिकाऱ्याचं घर वाहून गेलं. नवराबायको आणि तीन लहान मुलं पाण्यात सापडली, पण सगळे जिवंत राहिले. थंडीमुळे तंबूत राहणारे पर्यटक नव्हते, म्हणून मोठी जीवितहानी टळली. २०१० साली नवा हौद सुरू झाला, तेव्हा जादा पाणी सोडायची व्यवस्था त्यात केलेली होती.

हे आता सांगायचं कारण आहे. महाराष्ट्रात असे पंपाने पाणी चढवायचे प्रकल्प येऊ घातले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवट्याला १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी करार झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी ठेवायचं म्हणजे पायथ्याच्या गावांनी प्रश्न विचारायलाच हवेत. विरोध करा असं नाही, वीज सगळ्यांनाच हवी आहे. पण आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याला इजा करायची नाही, हा आपल्या शरीअतमधला मूळ नियम आहे आणि इंजिनियरिंगमध्येही तो तसाच लागू होतो.

गावात असा कुठलाही प्रकल्प आला आणि ग्रामसभेत नकाशा ठेवला, तर एवढं विचारा: केंद्र अचानक बंद पडलं तर पाणी कुठून जाणार? सांडवा आपोआप वाहणारा आहे की दार उघडावं लागणार? त्याचा चर कुणाच्या शेतात संपतो? हौद कापलेल्या जमिनीवर आहे की भरावावर? रात्री तिथे माणूस असणार का, आणि खाली भोंगा ऐकू येणार का? पोरं आणि गुरं हौदात पडू नयेत म्हणून कुंपण आहे का? उत्तरं लेखी मागा.

आणि दहावी-बारावीच्या पालकांना एक विनंती. बोईसरच्या कारखान्यांत हेल्परचं काम मिळतं म्हणून पोराची तालीम थांबवू नका. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला मुलगा किंवा मुलगी वर केलेला सगळा हिशोब स्वतः करू शकते. त्यात गुणाकार आणि भागाकारापलीकडे फारसं काही नाही. ग्रामसभेत तो नकाशा वाचणारं कुणीतरी आपल्या वस्तीतलं असलं पाहिजे.