जुन्या मोटारीची घडणावळ

एखादी वस्तु विकत घ्यावी, आठ-दहा वर्षें तिचा यथेच्छ उपभोग घ्यावा, आणि शेवटीं घातलेले पैसे जसेच्या तसे परत यावेत, असें कोणीं सांगितलें तर शहाणा गृहस्थ त्याच्याकडे संशयानेंच पाहील. त्यांतून ती वस्तु मोटार असेल तर बोलावयासच नको; नव्या मोटारीचें मोल ती दुकानाबाहेर पडतांच उतरूं लागतें. तरीहि इंग्लंडांत जुन्या स्पोर्टस् मोटारींच्या बाबतींत ही गोष्ट घडते. आमचे धाकटे बंधु बरींच वर्षें तिकडे राहतात. त्यांनीं ही हौस एकदां तोट्यांत केली व एकदां बिनतोट्यांत, आणि दोन्ही वेळचे हिशेब आमच्यापुढें ठेविले.

वृत्तपत्रांतून याविषयीं जें छापून येतें त्यानें दिशाभूल फार होते. १९६२ सालची एक फेरारी २५० जीटीओ २०१८ मध्यें कॅलिफोर्नियांतील लिलांवांत ४ कोटी ८४ लाख डॉलरांस गेली, हें वाचून जुनें तेवढें सोनें असें वाटूं लागतें. तसल्या गाड्या मुळांत छत्तीसच्या सुमारास बनल्या. त्यांची गोष्ट कुबेरांची. पगारदार माणसाच्या आवांक्यांतली गाडी म्हणजे एम.जी.बी. ही उघड्या टपाची, १७९८ सी.सी. एंजिनाची मोटार ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत होत असे. बंद टपाच्या जी.टी. धरून पांच लाखांवर गाड्या निघाल्या, व त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. या विपुलतेमुळें तिची किंमत आकाशाला भिडत नाहीं. परंतु तिचे बहुतेक सारे भाग आजहि नवे मिळतात, ही सोयहि त्या विपुलतेमुळेंच झाली.

बंधूंनीं पहिली गाडी २००९ मध्यें ७,००० पौंडांस घेतली. लालभडक रंग, झगझगीत बंपर, तारांचीं चाकें. ते पैसे वडिलार्जित जागेच्या वांटणींतून आलेले होते. ही गोष्ट आमच्या घरांत कोणी बोललें नाहीं, आणि सर्वांस ठाऊक होती. तीन महिन्यांनीं चाक बदलण्यासाठीं जॅक लावला, तों तो गाडी उचलण्याऐवजीं दाराखालच्या पत्र्यांत शिरला. आंत गंजाचा भुगा, वर लांबीचा थर, आणि त्यावर तो रंग! उंबरठे, तळ व रंगकाम यांस ९,५०० पौंड लागले. एकूण १६,५०० पौंडांची झालेली ती गाडी २०१२ मध्यें ९,००० पौंडांस विकली गेली.

यांत विकणाराचा दोष असेल, पण घेणाराचें अज्ञान त्याहून मोठें. या गाडीस निराळी चेसिस नाहीं. अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालचे दोन उंबरठे आंतून पोकळ पेटीसारखे असून सारा भार त्यांवर असतो. पुढच्या चाकांनीं उडविलेला चिखल पंखांच्या मागें सांचतो, ओल धरतो, आणि गंज आंतून बाहेर येतो. बाहेर डाग दिसतो तोंवर आंतलें काम आटोपलेलें असतें. म्हणून गाडी पाहावयास जातांना खिशांत लहानसें लोहचुंबक न्यावें. लांबी भरलेल्या जागीं तें चिकटत नाहीं. मग मालकाच्या परवानगीनें गाडी जॅकवर उचलून दाराभोंवतींची फट पाहावी. फट बदलली किंवा दार अडूं लागलें, तर उंबरठे गेले असें समजून चहा घेऊन परत यावें. एंजिनाची चिंता त्या मानानें थोडी. तें साधें आहे व दुरुस्त होतें.

आपल्या घरांतील स्त्रियांना हा हिशेब आमच्या बंधूंपेक्षां लवकर कळला असता. दागिना मोडतांना सराफ सोन्याचे पैसे देतो, घडणावळीचे देत नाहीं. जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धारास लागलेला पैसा ही घडणावळ होय. १९८८ पासून या गाडीचा सबंध सांगाडा नवा करून मिळतो. परंतु तो बसवून रंगवून उभी केलेली गाडी विकतांना, ओतलेल्या पैशाचा मोठा भाग विसरावा लागतो. तेव्हां तोटा टाळावयाचा तर घडणावळ दुसऱ्यानें दिलेली गाडी घ्यावी. बंधूंची दुसरी गाडी तशी आहे: १९७१ सालची, काळपट हिरवी, दिसावयास पहिलीच्या निम्म्यानेंहि नाहीं. पण पूर्वीच्या मालकानें १४,००० पौंडांचीं बिलें व काम चालू असतांनाचीं छायाचित्रें जपून ठेविलीं होतीं. ती २०१४ मध्यें ९,५०० पौंडांस मिळाली.

१९७४ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या नियमांसाठीं या गाडीस काळे रबरी बंपर आले व ती दीड इंच उंच झाली. रसिक त्यांना नाकें मुरडतात, त्यामुळें त्या गाड्या स्वस्त. पण स्वस्तांत घेऊन स्वस्तांत विकण्यांत तोटा कसला?

चाळीस वर्षांवरील गाडीस तेथें रस्त्याचा कर माफ आहे, आणि २०१८ पासून, गाडींत मोठे फेरफार केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीचीहि सक्ती नाहीं. खासगी मोटार विकून नफा झालाच तर त्यावर कर पडत नाहीं. विमा मात्र आगाऊ ठरविलेल्या किंमतीचा घ्यावा, नाहीं तर अपघातानंतर कंपनी म्हणेल तें मोल. बंधु सक्ती नसतांहि दरवर्षीं तपासणी करवितात व तो कागद बिलांच्या बाडांत लावतात. २०२१ पासून तिकडील साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि तें जुन्या रबरी नळ्या खातें. त्यांनीं नळ्या बदलल्या आहेत.

विमा, तेल, किरकोळ दुरुस्ती यांचा खर्च परत येत नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे. येतें तें मुद्दल. आणि मुद्दलाचीहि हमी नाहीं. १९८९ च्या सुमारास या बाजारांत भाव भडकले, आणि लवकरच कोसळले. कर्ज काढून घेणारे त्यांत बुडाले. स्वतःच्या शिलकेंतून घेणाराला निदान थांबतां आलें.

गेल्या वर्षीं एका गृहस्थांनीं हिरव्या गाडीस साडेदहा हजार पौंड देऊं केले. बंधूंनीं तें मोठ्या अभिमानानें फोनवर कळविलें. "मग देऊन टाकलीस ना?" मातोश्रींनीं विचारलें. पलीकडून कांहीं वेळ उत्तर आलें नाहीं. मग हवेच्या गोष्टी सुरू झाल्या.