सिद्धतेचा भार कोणाच्या शिरावर?

कायदे संसद आणि विधिमंडळ करतात, असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच सत्य आहे. संसद शब्द लिहिते. त्या शब्दाचा अर्थ काय, तो कुठे लागू होतो आणि कुठे होत नाही, हे अपिलाच्या न्यायालयात ठरते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, असे संविधानाचे कलम १४१ सांगते. म्हणजे एखाद्या खेड्यातील फिर्यादीवर दिल्लीत जे दोन शब्द उच्चारले जातात, तेच उद्या दुसऱ्या खेड्यातील पीडिताचे भवितव्य ठरवतात. आणि त्यातही सर्वांत निर्णायक प्रश्न एकच असतो : सिद्ध कोणी करायचे?

हा प्रश्न बाबासाहेबांना चांगला ठाऊक होता, कारण ते स्वतः अशा एका खटल्यात प्रतिवादी होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. पण त्या तळ्याची लढाई पुढे दहा वर्षे न्यायालयात चालली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९२७ च्या डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा दाखल केला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. मात्र न्यायालयाचा हुकूम असल्यामुळे तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम बाबासाहेबांनी स्थगित केला. रस्त्यावरची लढाई त्यांनी सोडली नाही, आणि न्यायालयातील लढाईही अर्ध्यावर टाकली नाही.

दावेदारांचे म्हणणे काय होते? अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यायचे नाही अशी अनादी काळापासून रूढी आहे, आणि रूढी म्हणजेच कायदा. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. १९३३ साली ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले. ते उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी तेथेही ते फेटाळले. निकालाचे मर्म असे : जो रूढीचा आधार घेतो, त्याने ती रूढी अनादी असल्याचे सिद्ध केले पाहिजे. काही वर्षांची वहिवाट दाखवणे पुरेसे नाही. सवर्णांना हे सिद्ध करता आले नाही.

याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण डोळ्यांत तेल घालून वाचली पाहिजे. सवर्णांनी देवळांच्या खटल्यांचा दाखला दिला होता. न्यायालयाने म्हटले की देवळाच्या बाबतीत दीर्घकाळच्या वहिवाटीवरून ते उच्च जातींसाठीच असल्याचे गृहीत धरले जाऊ शकते, आणि मग अस्पृश्यांनाच आपला हक्क सिद्ध करावा लागू शकतो. पण नगरपालिकेच्या ताब्यातील तळ्याला ते लागू होत नाही. पाहा, माणसे तीच, जात तीच, अपमानही तोच. परंतु सिद्धतेचा भार या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला की निकालच फिरतो. तळ्यावर आपण जिंकलो, कारण तेथे भार त्यांच्यावर होता.

आता व्यापाराचा कायदा पाहू. धनादेश वटला नाही तर सही करणाऱ्यावर फौजदारी खटला होतो. येथे कायदा सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या बाजूने गृहीत धरतो. २०१० साली ‘रंगप्पा विरुद्ध श्री मोहन’ या अपिलात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले की धनादेशावरची सही मान्य झाली, की मुळात कायदेशीर देणे होते हेही गृहीत धरायचे. देणे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची. व्यवहारावर विश्वास राहावा म्हणून हे आवश्यक आहे, असे कोणी म्हणेल. आमची त्यालाही हरकत नाही. आमचा प्रश्न इतकाच आहे : पैशाच्या विश्वासासाठी कायदा जे गृहीत धरायला तयार आहे, ते माणसाच्या प्रतिष्ठेसाठी धरायला त्याला इतकी वर्षे का लागली?

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा घ्या. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध, ती त्या जातीची आहे ‘या कारणावरून’ केला, तर जन्मठेप, अशी त्यात तरतूद होती. ‘या कारणावरून’ या शब्दांनी पुढे जे केले, ते कायदा करणाऱ्यांच्या मनातही नसेल. न्यायालये विचारू लागली : गुन्हा जातीमुळेच केला याचा पुरावा कुठे आहे? २००६ साली राजस्थानातील एका बालिकेवरील बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा पुरावा नाही म्हणून या कलमाखालील शिक्षा रद्द केली. आरोपीच्या मनात काय होते, ते पीडितेने सिद्ध करायचे!

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे गावाने मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. पण हा अत्याचार कायद्याखालील गुन्हा नव्हे, असेही म्हटले. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली आणि अत्याचार कायदा लागू नाही, हे मत कायम ठेवले. हे सूडाचे कृत्य, जातीचे नव्हे, असा अर्थ लावला गेला. ज्या गावात बौद्ध कुटुंबाने स्वतःच्या जमिनीवर ताठ मानेने उभे राहणे हाच गुन्हा ठरतो, तेथे सूड आणि जात वेगळी काढायची कशी? हा प्रश्न निकालाच्या कागदावर अनुत्तरितच राहिला.

चळवळीच्या दबावाने संसदेला जाग आली. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘या कारणावरून’ हे शब्द काढले आणि ‘ती व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असताना’ असे शब्द घातले. शिवाय आरोपीची पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी व्यक्तिगत ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नसल्याचे आरोपीने सिद्ध करायचे. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? इतके साधे सत्य कायद्यात यायला सत्तावीस वर्षे लागली. पुढे २०२१ मध्ये ‘पाटण जमाल वली’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले की जुन्या शब्दांचा अर्थ ‘केवळ जातीमुळेच’ असा करणे चूक आहे. जात, स्त्रीत्व, अपंगत्व अशी अनेक कारणे एकत्र येऊन अत्याचार घडतो. मात्र त्या अंध दलित महिलेच्या प्रकरणात पुरावा नाही म्हणून अत्याचार कायद्याखालील शिक्षा टिकली नाही. बलात्काराची जन्मठेप टिकली. तत्त्व जिंकले, कागद हरले.

दरम्यान २०१८ उजाडले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी, अशा अटी घातल्या. तारीख होती २० मार्च. चवदार तळ्याचा दिवस! तक्रारदार खोटा असू शकतो, हे आधीच गृहीत धरले गेले. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १८-अ वैध ठरवले.

याच्या शेजारी एक घटना ठेवून पाहा. धनादेशाचा खटला कोणत्या गावी चालवायचा याबद्दल १ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो बँकांना आणि व्यापाऱ्यांना गैरसोयीचा होता. जून २०१५ मध्ये वटहुकूम निघाला आणि कायदा बदलला. त्यासाठी कोणाला बंद करावा लागला नाही, कोणाचे प्रेत रस्त्यावर पडले नाही. अपिलाचा निकाल सर्वांना सारखाच बांधतो. तो बदलून घेण्याची किंमत मात्र सर्वांना सारखी पडत नाही.

म्हणून न्यायालयांना शिव्या देऊन भागणार नाही. अपिलात नवे साक्षीदार सहसा येत नाहीत. पहिल्या दिवशी फिर्यादीत जे लिहिले गेले, पंचनाम्यात जे आले, जातीचा दाखला जोडला की नाही, त्यावरच वरचे न्यायालय बोलते. फिर्याद लिहिताना आरोपी पीडिताला कसा ओळखतो, किती वर्षांपासून ओळखतो, हे स्पष्ट लिहून घ्या. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच आहे ना, ते पाहा. कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या वेळी पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, तो बजावा. विशेष न्यायालयाच्या निकालानंतर नव्वद दिवसांत अपील करायचे असते; दुःखात आणि सभांमध्ये ती मुदत जाऊ देऊ नका. आपल्या वस्तीतील तरुण वकिलांनी निकाल वाचावेत आणि विहारात, वाचनालयात ते मराठीत समजावून सांगावेत.

महाडचे पाणी आपण एका दिवसात प्यायलो. ते पिण्याचा हक्क टिकवायला तीन न्यायालये आणि दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत बाबासाहेबांनी गोलमेज परिषदा गाजवल्या, पक्ष काढला, निवडणूक लढवली. पण महाडचा खटला विसरले नाहीत. आपण जयंतीची मिरवणूक विसरत नाही. खटल्याची तारीखही विसरता कामा नये.