आपली पोरं डोरेमॉनची हिंदी का बोलतात?

रत्नागिरीतलं चार वर्षांचं पोरगं आजीकडे हापूस मागतं, तेही ‘मुझे आम दो ना’ म्हणत. घरात हिंदी कुणी बोलत नाही. मग शिकवलं कुणी? बहुतेक वेळा उत्तर एकच, निळा रोबो बोका डोरेमॉन.

फुजिको एफ. फुजिओ यांचं हे कॉमिक जपानमध्ये १९६९ च्या डिसेंबरात सुरू झालं. अभ्यासात ढ असलेल्या नोबिताला सावरायला त्याचा वंशज २२ व्या शतकातून डोरेमॉनला पाठवतो. २००५ मध्ये ही जोडी हंगामा टीव्हीवर हिंदीत आली. छोटी वाक्यं, घर, शाळा, आईचा ओरडा आणि तेच भाग पुन्हा पुन्हा. पोरं भाषा अशीच उचलतात.

मुलं हिंदी बोलतायत म्हणून बांगलादेशने २०१३ मध्ये या हिंदी कार्टूनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी तिथे डोरेमॉन बंगालीत बोलू लागला.

हिंदी आली तर बिघडत नाही, फक्त मराठी मागे पडायला नको. म्हणून एपिसोड संपला की विचारा, ‘आज नोबितानं काय घोळ घातला?’ गोष्ट सांगताना पोरगं मराठी शब्द शोधतं, आणि तिथेच त्याची मराठी वाढते.